एडिनबरो कॅसल (स्कॉटलंड) रिव्ह्यू: खान्देशातून जाणार असाल तर हत्ती बघायला विसरू नका

आधी रेटिंग सांगतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चढ, खडबडीत दगडी फरशी आणि वरच्या वाऱ्यासाठी, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथं जड जातंच. बाकी पैसा वसूल आहे, आणि आपल्या शिरपूर-धुळे-जळगाव साइडच्या माणसाला तर डबल वसूल. का ते खाली येईलच, कारण लोक तिथून येतात आणि मुकुट, तोफ, भूत एवढंच सांगतात, आणि आपल्या मातीशी संबंध असलेली गोष्ट समोर असून राहून जाते.

ताई-जिजाजी तिकडे नोकरीला आहेत म्हणून आईनानांना घेऊन जाणं झालं. आपल्याकडची बरीच पोरं आता यूकेत आहेत, आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातात, त्यांच्यासाठी मुद्दाम मराठीत लिहितोय.

तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा, वेळेचा स्लॉट असतो आणि सीझनला फुल्ल होतो. माणशी वीस पाउंडांच्या मागे-पुढे पडतं, आपल्या रुपयात गुणाकार केला की पोटात गोळा येतो पण आतली सगळी म्युझियम त्यातच बघायला मिळतात. अर्धा दिवस धरूनच जा. आमच्या ओळखीतल्या एका फॅमिलीला त्यांच्या टूरवाल्याने इथं जेमतेम तासभर दिला होता, त्यात फोटो काढण्यापलीकडे काही झालं नाही, आणि एवढ्या लांब जाऊन असं करणं म्हणजे अन्याय आहे. किल्ल्याच्या स्टाफची गाईडेड टूर तिकिटातच असते, वेळा आत गेल्यावर विचारून घ्या आणि ती सोडू नका. ऑडिओ गाईड वेगळे पैसे देऊन मिळतो.

किल्ला उभा आहे तो खडक म्हणजे मेलेल्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा, साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. नंतर बर्फाच्या नद्यांनी आजूबाजूचा मऊ दगड खरवडून नेला, हा कठीण म्हणून टिकला, आणि त्याच्या आडोशाला पूर्वेकडे एक लांब उतार राहिला, त्याच उतारावर जुनं शहर वसलंय. तीन बाजूंनी सरळ कडा आणि एकाच बाजूने रस्ता. अशा जागेवर किल्ला बांधायचा नाही तर काय करायचं. पण अशा खडकावर पाण्याची बोंब असते, आपल्या धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर जशी खडकात टाकी खोदलीत तशी सोय इथं नव्हती, विहिरीवर मदार, आणि १५७३ च्या वेढ्यात तेच नडलं. तोफांच्या माऱ्याने डेव्हिड्स टॉवर नावाचा मोठा बुरूज कोसळला, मलब्याने विहीर बंद झाली, आतले लोक तहानेने टेकीला आले आणि शरण गेले. त्या वेढ्याला ते लाँग सीज म्हणतात, १५७१ पासून चालला होता. आज समोर जी अर्धगोल तोफांची रांग दिसते ती हाफ मून बॅटरी त्याच पडलेल्या बुरुजाभोवती बांधलीय. २०१४ साली संशोधन झालं त्यात या किल्ल्याच्या ११०० वर्षांच्या इतिहासात २६ वेढे मोजलेत, ब्रिटनमध्ये एवढा मार दुसऱ्या कुठल्या जागेने खाल्ला नाही असं म्हणतात.

मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आमच्या गाईडने दंतकथा आणि नोंद कधीच मिक्स केली नाही. भुताची गोष्ट पूर्ण रंगवून सांगायचा, शेवटी स्पष्ट सांगायचा की ही लोकांत चालत आलेली गोष्ट आहे, आणि जिथं कागद आहे तिथं साल सांगायचा. आपल्या किल्ल्यांवर असं सांगणारे लोक हवेत यार, मनापासून वाटलं.

दंतकथा तर ढिगाने आहेत. किल्ल्यापासून खाली होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत भुयार आहे असं म्हणतात, ते सापडलं तेव्हा आत मोठा माणूस मावेना म्हणून एका पोराला बॅगपाइप वाजवत आत पाठवलं, वर रस्त्यावरून लोक आवाजाच्या मागे मागे चालले, अर्ध्या वाटेत आवाज बंद झाला, पोरगं परत आलंच नाही, अजून कधीकधी खालून पाइप ऐकू येतो म्हणतात. आपल्याकडे पारोळ्याच्या किल्ल्यातून भुयार निघतं हे लहानपणापासून ऐकत आलोय त्यामुळे आईला ही गोष्ट एकदम जवळची वाटली. दुसरा एक बिनमुंडक्याचा ढोलवाला आहे, १६५० साली इंग्लंडच्या क्रॉमवेलचं सैन्य यायच्या आधी तटावर दिसला असं सांगतात, आणि तो दिसला की किल्ल्यावर संकट. असीरगडावर अश्वत्थामा रोज पहाटे शंकराला फूल वाहून जातो, ही आपल्याकडची गोष्ट तिथं उभं राहून आठवली. जुना किल्ला म्हटलं की कुणीतरी तिथं न मरता फिरत राहतंच.

१३१४ ची चढाई मात्र दंतकथा नाही, ती घडलेली आहे. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसचा भाचा थॉमस रँडॉल्फ याने मार्चच्या एका रात्री तीसेक माणसं घेऊन उत्तरेकडचा कडा चढला. वाट दाखवली विल्यम फ्रान्सिस नावाच्या माणसाने. हा तरुणपणी किल्ल्यातच राहायचा आणि गावातल्या एका पोरीला भेटायला रात्री लपून त्याच कड्यावरून उतरायचा-चढायचा, म्हणून त्याला वाट तोंडपाठ. शिडी लावली, तट ओलांडला, किल्ला घेतला. नानांना मी हे मराठीत सांगत होतो तर ते मध्येच म्हणाले, ‘हाई ते तानाजीमायकच व्हयनं रे भाऊ!’ आणि खरंच तसंच आहे, फक्त तिकडे घोरपड नाही. पुढं ब्रूसने काय केलं तर किल्ला परत शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून पाडून टाकला, जिंकलेला स्वतःचा किल्ला. एक छोटं चॅपल तेवढं राहू दिलं.

१३४१ ला परत असंच. इंग्रजांनी किल्ला पुन्हा घेतलेला, स्कॉटिश सरदार विल्यम डग्लसची माणसं व्यापारी बनून माल घेऊन दरवाज्यात आली, माल नेमका दरवाज्यातच टाकला म्हणजे दरवाजा लागणार नाही, आणि मागून सैन्य घुसलं. इथं नाना लगेच असीरगडावर आले. आज एमपीत असला तरी असीरगड जुन्या खान्देशाचाच, आणि फारुकी घराण्याच्या नसीर खानने तो आसा अहिराकडून कसा घेतला ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, बायकामुलांना आसरा दे म्हणून डोल्या पाठवल्या आणि डोल्यांत हत्यारबंद माणसं. ती गोष्ट फिरिश्ताने लिहून ठेवलीय. दोन्हीकडे कडा चढता येत नाही म्हटल्यावर दरवाजाच फसवला. फक्त एडिनबरोत शत्रू फसला आणि असीरगडावर ज्याने भरवसा ठेवून आसरा दिला तो, हा फरक मला मोठा वाटतो.

ब्लॅक डिनरची गोष्ट ऐकताना मात्र आमच्या ग्रुपमध्ये एकदम शांतता झाली. साल १४४०. राजा दुसरा जेम्स फक्त दहा वर्षांचा, कारभार दुसऱ्यांच्या हातात, आणि डग्लस घराणं फार वरचढ झालेलं. त्या घराण्याचा सोळा वर्षांचा अर्ल आणि त्याचा धाकटा भाऊ यांना किल्ल्यावर जेवायला बोलावलं. जेवण चालू असताना ताटात काळ्या बैलाचं मुंडकं आणून ठेवलं, ती मरणाची खूण, लहानगा राजा रडून विनवण्या करत होता तरी दोघा पोरांना बाहेर ओढून नाटकी खटला चालवून मुंडकी उडवली. यातलं जेवायचं बोलावणं आणि पोरांना मारणं खरं, बैलाचं मुंडकं मात्र नंतरच्या बखरकारांनी घातलं, त्या काळच्या नोंदीत ते नाही. हे ऐकल्यावर गोष्ट मला जास्तच वाईट वाटली, कारण बैलाचं मुंडकं काढून टाकलं तरी दोन पोरं उरतातच.

जॅनेट डग्लस, लेडी ग्लॅमिस, हिचंही तसंच. १५३७ साली किल्ल्यासमोरच तिला जिवंत जाळलं. लोक तिला चेटकीण म्हणून जाळलं असं सांगतात, पण कागदावर आरोप राजद्रोहाचा होता, पाचव्या जेम्सला विष घालायचा कट. खरं कारण राजाचा डग्लस लोकांवरचा राग, त्याच्या डग्लस सावत्र बापाने त्याला लहानपणी कैदेत ठेवल्यासारखं ठेवलं होतं आणि ही त्या माणसाची बहीण. तिचा नवरा किल्ल्यातून पळायचा प्रयत्न करताना कड्यावरून पडून मेला. ग्लॅमिसच्या किल्ल्यावर तिचं भूत दिसतं म्हणतात. मला विचाराल तर भुताची गोष्ट लोकांनी धरून ठेवली म्हणूनच तिचं नाव टिकलं, नाहीतर कोण लक्षात ठेवतंय.

मॉन्स मेग ही तोफ नीट बघा, फोटो काढून पळू नका. १४४९ ला आजच्या बेल्जियममध्ये बनली, १४५७ ला बर्गंडीच्या ड्यूकने दुसऱ्या जेम्सला भेट दिली. वजन सहा टनांच्या आसपास आणि दीडशे किलोचा दगडी गोळा फेकायची. मागच्या बाजूला जाऊन नळीकडे बघा, तिथं ती फुटलेली आहे. १६८१ ला ड्यूक ऑफ अल्बनीच्या (पुढचा राजा सातवा जेम्स) वाढदिवसाची सलामी देताना फुटली, आणि त्या फुटलेल्या जागेतून आतली रचना उघडी दिसते. तोफ ओतीव नाहीये, लांब लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्यात आणि वरून कडी चढवलीत, आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव तापवून चढवतो तशीच, गार झाली की आवळून बसते. नाना शेतकरी माणूस, त्यांना पाटी वाचायची गरजच पडली नाही, बोटाने दाखवून त्यांनीच आईला समजावलं. ती तोफ १७५४ ला लंडनला नेली होती, १८२९ ला परत आली, तिला आणण्यासाठी लेखक वॉल्टर स्कॉटने बराच जोर लावला होता.

सेंट मार्गारेट चॅपल म्हणजे ब्रूसने न पाडलेलं तेच. ११३० च्या सुमाराचं, पहिल्या डेव्हिड राजाने आईच्या आठवणीत बांधलेलं. मार्गारेट राणी १०९३ ला इथंच वारली, नवरा आणि मोठा मुलगा लढाईत गेल्याची बातमी आली आणि काही दिवसांत तीही गेली. आत एवढीशी खोली, थोडी माणसं उभी राहिली की फुल्ल. मधे बरीच वर्षं त्यात दारूगोळा भरून ठेवायचे, हे चॅपल आहे हेच लोक विसरले होते, १८४५ ला एका जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाच्या लक्षात आलं. आता तिथं रोज ताजी फुलं असतात आणि ती ठेवायचं काम मार्गारेट नावाच्याच बायका करतात, त्यांचं मंडळ आहे १९४२ पासून. आईला सगळ्यात काय आवडलं तर हे.

मुकुटाच्या खोलीला रांग असते पण थांबा. मुकुट, राजदंड, तलवार, ब्रिटनमधले सगळ्यात जुने राजचिन्ह हेच, कारण इंग्लंडचे क्रॉमवेलच्या लोकांनी वितळवले. हे वाचले त्याचं कारण ख्रिश्चन फ्लेचर नावाची एक पाद्र्याची बायको. डनॉटरच्या किल्ल्याला वेढा पडलेला, आत हे दागिने, तिथून ते हिच्या मदतीने बाहेर काढून किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरले आणि १६६० ला राजा परत गादीवर येईपर्यंत क्रॉमवेलच्या लोकांना पत्ता लागला नाही. पुढं १७०७ ला इंग्लंड-स्कॉटलंड एक झालं तेव्हा हे पेटीत बंद करून खोलीला कुलूप घातलं, आणि शंभरावर वर्षांनी ४ फेब्रुवारी १८१८ ला स्कॉटने परवानगी काढून पेटी उघडली, सगळं जसंच्या तसं. ही तारीख लक्षात ठेवा. आणि हो, स्टोन ऑफ डेस्टिनी (राज्याभिषेकाचा दगड) बघायचा असेल तर तो आता इथं नाही, १९९६ पासून होता पण २०२४ ला पर्थच्या म्युझियमला गेला.

किल्ल्यातल्या राजवाड्यातली स्कॉटलंडच्या मेरी राणीची बाळंतपणाची खोली बघून घ्या, १९ जून १५६६ ला तिथं सहावा जेम्स जन्मला, पुढं इंग्लंडचाही राजा झाला. आपल्या घरातलं देवघर मोठं असेल एवढीच ती खोली. कैद्यांची तळघरं पोरांना आवडतील, १८११ ला तिथून ४९ युद्धकैदी तटाच्या भिंतीला भोक पाडून पळाले होते.

आता मुद्द्याचं. तिकिटाच्या गेटच्याही आधी जे मोठं मोकळं पटांगण लागतं त्याच्या कडेला ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक आहे, क्रॉस आहे दगडी, १८५७-५८ ला आपल्याकडे मेलेल्या त्यांच्या शिपायांचं. त्यावर हत्ती कोरलाय. स्कॉटलंडमध्ये हत्ती कुठून आला? तो असईचा आहे. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे जालना जिल्ह्यात गेलं की असई लागतं, तिथं २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं, त्याचे ७४ वे आणि ७८ वे हायलँडर्स त्यात होते, ७४ वी पलटण तर जवळजवळ कापलीच गेली. त्या लढाईबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने या पलटणींना हत्तीचं चिन्ह दिलं. १८५७ ला ७८ वी पलटण लखनौला हॅवलॉक आणि आउट्रम या इंग्रज सेनापतींच्या हाताखाली होती, आणि हा आउट्रम म्हणजे तोच ज्याने त्याआधी खान्देशात धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली. एका दगडावर एवढं सगळं आहे आणि लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात.

आत नॅशनल वॉर म्युझियममध्ये तर खऱ्या हत्तीची नखं ठेवलीत. ही पलटण श्रीलंकेहून परतताना १८३८ च्या सुमारास एक हत्ती घेऊन आली, तो याच किल्ल्यात राहायचा, बँडच्या पुढं चालायचा, आणि त्याला आणि त्याच्या माहूत शिपायाला दोघांना बिअरची चटक होती म्हणतात. काचेत ती नखं बघताना मला मजा नाही वाटली, त्या थंडीत दगडी किल्ल्यात एकटा हत्ती, फार वाईट वाटलं.

मग रॉयल स्कॉट्सचं म्युझियम, हेही किल्ल्यातच. ही पलटण थाळनेरला होती. आम्ही शिरपूर तालुक्यातले, थाळनेरचा पडका किल्ला तापीकाठी लहानपणापासून बघतोय, फारुकींची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी अजून आहेत. जानेवारी १८१८ ला मंदसौरच्या तहात होळकरांनी खान्देश कंपनीला दिला, जनरल हिस्लॉप सैन्य घेऊन सातपुडा उतरून आला, २७ फेब्रुवारीला थाळनेरपुढं उभा. किल्लेदार तुळशीराम मामा. बोलणी चालू, दरवाज्यात गोंधळ, रॉयल स्कॉट्सचे मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर आत घुसले आणि मारले गेले, मग चिडलेल्या फौजेने आतल्या साधारण तीनशे माणसांची कत्तल केली आणि त्याच दिवशी किल्लेदाराला फासावर दिलं. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येसुद्धा यावर प्रश्न उठले, हिस्लॉपच्या आभाराच्या ठरावातून हा प्रकार वेगळा काढावा लागला. पलटणीच्या लढाई-सन्मानांत महिदपूर आहे, नागपूर आहे. थाळनेरचा सन्मान कधी दिला गेला नाही, देण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

आणि आता ती तारीख. ज्या महिन्यात एडिनबरोत स्कॉटने पेटी उघडली आणि मुकुट सापडला म्हणून शहर नाचलं, त्याच महिन्यात त्यांच्याच रॉयल स्कॉट्सची माणसं थाळनेरच्या दरवाज्यात होती. मला हे तिथं उभं असतानाच क्लिक झालं आणि मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, थाळनेरले एक पाटी तरी पाह्यजे. मलाही तेच वाटतं, तुळशीराम मामाच्या नावाची एक पाटी, साल टाकून, मराठी आणि अहिराणीत. शिरपूर-थाळनेरकडचं कुणी हे वाचत असेल आणि ग्रामपंचायतीत ओळख असेल तर खरंच बोला, मी लिहून द्यायला तयार आहे.

बाकी किरकोळ. दुपारी एकला तोफ उडते, १८६१ पासून, आधी बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावायला होती, रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमसला नाही. जवळ उभे असाल तर लहान पोरांचे कान झाका. ऑगस्टमध्ये पटांगणात टॅटूच्या (सैन्याच्या बँड-परेडच्या) कार्यक्रमाचे मोठे स्टँड लागतात, तेव्हा हत्तीवालं स्मारक निवांत बघता येत नाही, म्हणून मे-जूनच्या सुरुवातीला जमलं तर बरं. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी वर नेणारी गाडी असते, बुकिंग करतानाच चौकशी करा. मे महिन्यातसुद्धा स्वेटर आणि कानटोपी हवीच. आत कॅफे आहेत पण आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तटाच्या आडोशाला बसून खाल्ली. बघण्याचा क्रम असा ठेवा: बाहेर हत्ती, मग गाईडची टूर, रांग कमी झाली की मुकुट, आणि शेवटी दोन्ही म्युझियमला भरपूर वेळ.